दहापैकी सात

हिंगणमाळच्या कॉलेजात शिरलं की मुलींच्या वसतिगृहासमोर, कडुनिंबाखाली, काळ्या दगडाचा लांब कट्टा लागतो. त्याच्या दर्शनी बाजूला हातभर उंचीचा सात कोरलाय. नुसता सात. नाव नाही, साल नाही. पाहुणे येतात, चष्मा सारखा करतात आणि अंदाज बांधतात. कुणी म्हणतं सप्तर्षी, कुणी म्हणतं आठवड्याचे वार. परवा तर एक शहाणा म्हणाला, इथं सात धर्मांची मुलं शिकत असणार. अहो, नाही हो! ते मार्क आहेत. दहापैकी सात. आणि त्याचा इथं कोण अभिमान! बसा टेकून, उन्हं उतरेपर्यंत सांगून होईल.

गोष्ट त्या काळची, जेव्हा या माळावर चार वर्ग, एक प्रयोगशाळा आणि प्राचार्यांचा बंगला एवढंच उभं होतं, असं सांगतात. मुलगे गावात खोल्या घेऊन राहायचे. मुलींना कुठली सोय? त्या घरून यायच्या. त्यांतली एक मेहरून अत्तर. दोन कोसांवरच्या बोरवंडीहून रोज पायी यायची, पायी जायची. हुशार इतकी की गणिताचे सर फळ्यावर अडले की आधी तिच्याकडे बघायचे. पण तिच्या अब्बांनी, हुसेनभाईंनी, निक्षून सांगितलं होतं, "हे वर्ष झालं की पुरे, बेटा. ही रोजची पायपीट मला बघवत नाही. तिथं राहायची सोय झाली तर शीक, नाहीतर दाखला काढू." तेव्हापासून मेहरूनचा सगळा जीव वसतिगृहात अडकला होता, आणि वसतिगृहाचा तर पायाही खणलेला नव्हता.

त्याच वर्षी बातमी आली. वेगवेगळ्या धर्मांची मुलं कॉलेजात एकमेकांशी कशी वागतात, हे तपासायला एक समिती जिल्हाभर फिरणार होती. ज्या कॉलेजात सलोखा सगळ्यांत चांगला, तिथं मुलींचं वसतिगृह आधी बांधणार! प्राचार्य आष्टीकर सर कामाला लागले. माणूस सोन्यासारखा, पण हौस दांडगी. पंधरा दिवस तालीम चालली. मेहरून, विमल खळदकर आणि रूथ भिंगारदिवे या तिघी मैत्रिणींनी हातात हात घालून फाटकात उभं राहायचं, आणि इथल्या सलोख्याला किती मार्क द्याल असं समितीनं विचारलं की एका सुरात सांगायचं, दहापैकी दहा. "नऊ म्हणालात तर याद राखा!" सर दम द्यायचे म्हणे.

आता यात खोटं असं काय होतं? मैत्रिणी तर त्या खरोखरच्या होत्या. विमल मेहरूनवर जीव ओवाळून टाकायची. रमजान नुकताच सरला होता. तो लागला तेव्हा विमलला कुठून तरी कळलं, मेहरूनला महिनाभर उपास आहे. झालं! दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईसाहेब डबा घेऊन हजर. आत साबुदाण्याची खिचडी, वर ओलं खोबरं. उपासाला खिचडी चालते हे तिला जन्मापासून ठाऊक. रोज्यात दिवसा पाण्याचा घोटही चालत नाही, हे मात्र तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मेहरूननं तिचा फुललेला चेहरा पाहिला आणि तिची जीभच रेटेना. "घरी नेऊन निवांत खाते हं," एवढंच म्हणाली. मग कोरड्या घशानं दोन कोस, आणि छातीशी जिऱ्या-शेंगदाण्याच्या वासाचा डबा! घरी धाकट्या भावंडांनी झडप घातली आणि संध्याकाळच्या अजानच्या आत डबा चाटूनपुसून लख्ख केला. सकाळी विमलनं विचारलं, "कशी झाली होती गं?"

"दहापैकी दहा!" मेहरून म्हणाली.

विमलला असा हुरूप आला की खिचडी महिनाभर रोज आली.

समिती आली ती याच कडुनिंबाखाली बसली. अध्यक्ष एक ठेंगणे म्हातारे गृहस्थ, मांडीवर छत्री. एकेकाला पुढं बोलवून मार्क विचारत होते. विमल म्हणाली दहा. रूथ म्हणाली दहा. मागची मुलंही दहा, दहा, दहा. आष्टीकर सर मिशीत हसत होते. मग मेहरूनची पाळी आली. एकच शब्द बोलायचा होता. पण तो शब्द तिनं महिनाभर रोज सकाळी रिकामा डबा परत करताना उच्चारला होता, आणि तो किती पोकळ असू शकतो हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दहा म्हटलं की वसतिगृह, नाहीतर बोरवंडीची वाट. तिनं एकदा विमलकडे पाहिलं. आणि तोंडातून निघालं, "सात."

सरांच्या हातातली टोपी खाली पडली म्हणे.

"तीन कुठं गेले, बाळ?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"एक विमलनं मला विचारलं नाही म्हणून. दोन मी तिला सांगितलं नाही म्हणून." मग ती वळली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "विमे, तुझी खिचडी मी अजून चाखलीच नाही गं! रोज्यात काहीच चालत नाही!"

"अगं बाई!" विमलनं तोंडावर हात मारला. "सगळे डबे? एवढे कष्ट केले मी! आणि तू उपाशीपोटी ते वाहून नेत होतीस?" ती आधी चिडली, मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडता हसायलाच लागली.

"मग माझंही ऐका," रूथ फणकारली. "गेल्या गुड फ्रायडेला तुम्ही दोघींनी मला पेढे भरवलेत. आमचा तो दुःखाचा दिवस असतो!"

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"तोंडात पेढा होता ना!"

मग काय विचारता! सगळ्या पोरांना कंठ फुटला. कुणाला काय खुपलं होतं, कोण काय गिळून गप्प बसलं होतं, सगळं बाहेर. समितीची पेन्सिल कधीच थांबली होती.

वसतिगृह अर्थातच दुसऱ्या कॉलेजाला गेलं. तिथं सगळ्यांनी दहा दिले होते. मेहरून दोन दिवस नीट जेवली नाही. आपल्या हातानं आपण आपलं शिक्षण बुडवलं, हे तिला झोपेतही आठवायचं. परीक्षा संपली आणि हुसेनभाई दाखला न्यायला आले.

पाहतात तर काय, बंगल्याच्या दारात पेटारे, गाद्या, भांडी. आष्टीकर सर स्वतः पाट डोक्यावर घेऊन निघालेले. ग्रंथालयामागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड हलत होतं, आणि बंगला मुलींना राहायला मोकळा होत होता. तेच हे समोरचं वसतिगृह. सरांच्या पत्नीनं ऐकल्याबरोबर कपाळावर हात मारला होता म्हणे, पण पेटारे बांधायला पहिल्या त्याच बसल्या.

हुसेनभाई सरांच्या आडवे झाले. "सर, माझ्या पोरीनं तुमचं वसतिगृह घालवलं. तिच्यासाठी तुम्ही घर सोडता?"

"तालीम मी घेतली, खरं ती बोलली," सर म्हणाले. "लाज मला वाटायला हवी. आणि हे बघा, तीन मार्क बाकी राहिलेत. ते मिळवायला ती इथं नको का?"

हुसेनभाईंनी उपरण्यानं डोळे पुसले आणि पेटाऱ्याचं दुसरं टोक उचललं. दाखला तसाच राहिला. पावसाळ्यानंतर सरांनी कट्टा बांधून घेतला आणि पाथरवटाकडून त्यावर सात कोरून घेतला.

पुढच्या रमजानात विमल पुन्हा डबा घेऊन आली, या वेळी अजान झाल्यावर. मेहरूननं खजूर खाल्ला, पाणी प्यायली आणि खिचडीचा पहिला घास घेतला.

"खरं सांग हं, कशी झालीय?"

"सात," मेहरून म्हणाली. "मीठ कमी आहे."

आजही समितीच्या त्या तारखेला इथली मुलं या कट्ट्यावर बसून एकमेकांना विचारतात, "माझं काय चुकलं?" आणि मार्क देतात. एका वर्षी कुणी नऊ दिले, तर सगळं कॉलेज चपापलं, पुन्हा बसलं आणि संध्याकाळपर्यंत सहावर आलं! आणि आजही रमजानात इथं खजुरामागोमाग साबुदाण्याची खिचडी वाढतात. मीठ मुद्दाम कमी घातलेलं असतं. वाढणारी विचारते, "कशी झालीय?" आणि खाणारीनं मीठ मागून घ्यायचं असतं.