म्हैसमाणसाची खुर्ची

एका नदीकाठच्या गावात केरबा नावाचा एक भोळा म्हैसवाला राहत होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता, पण तो आईसमोर कोणी उच्चारत नसे.

त्याच गावात शिरीष सरांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. रविवारी संध्याकाळी क्लासच्या मागच्या खोलीत गावातली शहाणी माणसं टेबलाभोवती जमत आणि एक खेळ खेळत. खेळ असा, की प्रत्येकानं आपण सोडून दुसरंच कोणीतरी व्हायचं. पतसंस्थेतला कारकून जादूगार व्हायचा. औषधांच्या दुकानाचा मालक चोर व्हायचा, आणि ते त्याला फारसं जड जायचं नाही. सर गोष्ट सांगत, वाटेत राक्षस उभे करत, आणि राक्षस मेला की नाही ते फासा टाकून ठरे. या खेळाला फार डोकं लागतं, असं सर डेअरीपासून स्टँडपर्यंत सगळ्यांना सांगत.

केरबा तिथं चहाला दूध घालायला यायचा आणि दारात उभा राहून ऐकायचा. गावात त्याला कोणी पत्त्यांत घेत नसे, भजनात घेत नसे, क्रिकेटमध्ये हरवलेला चेंडू शोधायलासुद्धा घेत नसे. अशात एक खेळाडू बदली होऊन गेला आणि टेबलापाशी एक खुर्ची रिकामी झाली. केरबाला ती खुर्ची हवी होती. इतकी हवी होती, की तिच्याकडे बघताना दूध भांड्याबाहेर सांडायचं.

त्यानं धीर करून विचारलं. सर म्हणाले, बसायचं तर आधी कुठल्यातरी जमातीचा हो. खेळाच्या पुस्तकात बुटके आहेत, पऱ्या आहेत. ते नको असतील तर घरी एखादी नवी जमात बनव. अर्धं जनावर, अर्धा माणूस. बनव आणि पुढच्या रविवारी घेऊन ये.

"आलं ध्यानात, सर," केरबा म्हणाला.

पुढच्या रविवारी तो म्हैस घेऊन आला. म्हशीच्या पुढच्या अंगात केरबाच्या लग्नासाठी शिवून ठेवलेला सदरा होता आणि शिंगांवर टोपी होती. मागचं अंग त्यानं तसंच ठेवलं होतं, कारण माणूस अर्धाच सांगितला होता. म्हशीनं खोलीत शिरून सरांनी हातानं रंगवलेला राक्षसांच्या राज्याचा नकाशा खाल्ला. जादूगारानं मंत्र सोडून छत्री उचलली.

"अरे, खरंखुरं नाही आणायचं," सर कपाळावर हात मारून म्हणाले. "डोक्यात आणायचं आणि तोंडानं सांगायचं. आणलं म्हटलं की आणलं."

"आलं ध्यानात, सर."

म्हैस बाहेर बांधून होईपर्यंत सगळ्यांना भूक लागली. सरांनी केरबाला वडे आणायला पाठवलं. तो स्टँडपर्यंत गेला, वडे तळताना नीट बघून आला, आणि टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "वडे आणले." मंडळींनी हात पुढे केले. गरम आहेत, जपून खा, असं केरबानं सगळ्यांना बजावलं.

मग सरांनी त्याला पुन्हा समजावलं. खाण्याची वस्तू खरीच आणायची असते आणि सगळ्यांना सारखी वाटायची असते. तेही केरबाच्या ध्यानात आलं.

त्याची जमात मात्र त्या दिवशी एकदाची ठरली. म्हैसमाणसं. सरांनी विचारलं, गुण काय? दूध देतात. दोष काय? कधीकधी देत नाहीत. खातात काय? वैरण. सरांनी मान हलवली आणि सांगितलं, की पुढच्या रविवारी गोष्टीत म्हैसमाणसांच्या गावी मेजवानी आहे, तयारीनं ये.

केरबा तयारीनं आला. मंडळी जमली तेव्हा प्रत्येक खुर्चीवर ओल्या वैरणीची एकेक पेंढी होती. जादूगाराची जरा लहान वाटली, म्हणून तिच्यावर केरबानं मूठभर सरकी घातली होती.

सरांनी आपल्या खुर्चीवरची पेंढी उचलून खाली ठेवली. मग त्यांनी केरबाच्या हातावर एक फासा ठेवला. म्हणाले, यापुढं काहीही करायच्या आधी हा टाकत जा. मोठा आकडा पडला तर जमलं. लहान पडला तर फसलं.

"आलं ध्यानात, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा डेअरीवर गेला. डेअरीवरचे तात्या रोज सगळ्यांना विचारत, दुधात पाणी घातलंस का? आणि रोज सगळे नाही म्हणत. विहिरी आटल्या तरी उत्तर बदलत नसे. केरबाच्या दुधात पाण्याचा थेंब नव्हता. पण त्यानं उत्तर द्यायच्या आधी फासा टाकला आणि एक पडला.

"खरं बोलायला गेलतो, तात्या," तो तोंड पाडून म्हणाला. "पर फसलं. घातलंय म्हणून धरा."

अख्ख्या डेअरीत निर्भेळ दूध तेवढंच होतं आणि तेवढंच परत पाठवण्यात आलं. पाणी घालणाऱ्या सगळ्यांना केरबाची फार लाज वाटली.

तेव्हा केरबाची आई पदर खोचून सरांकडं गेली. "सर, माझ्या पोराला खेळवताय, का त्याचा खेळ करताय?" तिनं विचारलं. "खुर्ची द्यायची असंल तर द्या, न्हाईतर एकदाचं न्हाई म्हणा. झोपेत खुर्ची खुर्ची करतंय ते."

सर खजील झाले. त्यांनी केरबाला बोलावून नीट सांगितलं. फासा फक्त टेबलावर. येत्या रविवारी जिल्ह्याहून पाहुणे येणार आहेत, असे खेळ भरवणारे मोठे लोक. त्यांना आपला खेळ पसंत पडला तर आपल्याला मेळाव्याला नेतील. त्या दिवशी चुकला नाहीस तर खुर्ची कायमची तुझी.

"आम्ही यायच्या आत टेबल, खुर्च्या, पुस्तकं, सगळं मांडून ठेव," सर म्हणाले. "आणि पात्रात शिर. एकदा पात्रात शिरलास की मी सांगेपर्यंत बाहेर यायचं नाही."

आता त्या गावात पात्र म्हटलं की नदीचं. घाटावर ग्रामपंचायतीची पाटीच होती, 'पात्रात उतरू नये.' केरबाला जरा धाकधूक वाटली. पण सर शिकलेले, त्यांनी पाटी वाचलेलीच असणार, असा त्यानं विचार केला.

रविवारी सर पाहुण्यांना घेऊन आले तर खोली रिकामी. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, की केरबा सगळं गाडीत भरून नदीकडं गेला.

सगळे घाटावर धावले. केरबा छातीभर पाण्यात उभा होता. डोक्यावर टेबल होतं. टेबलावर पुस्तकं, फासे आणि सरांनी वर्षानुवर्षं रंगवलेले छोटे मातीचे राक्षस ओळीनं मांडलेले होते, आणि एकावरही पाणी उडालेलं नव्हतं. खुर्च्या दोरीनं त्याच्या कमरेला बांधलेल्या होत्या आणि मागं तरंगत होत्या. तोंडानं तो सावकाश रवंथ करत होता. पाहुणे थक्क झाले. असा पात्रात शिरलेला गडी आपण कुठंच बघितला नाही, असं त्यांतले एक जण म्हणाले.

सरांचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. त्यांना फक्त राक्षस दिसत होते.

"केरबा," सर ओरडले, "ते सगळं सोड आणि आधी पात्रातून बाहेर ये!"

केरबानं ते सगळं सोडलं आणि बाहेर आला.

टेबल उलटलं. पुस्तकं उघडली, भिजली आणि बुडाली. राक्षस एकही हल्ला न होता मेले. सर घाटाच्या पायरीवर मटकन बसले. केरबा निथळत त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याचं तोंड आनंदानं फुललं होतं.

"मधी एकदाबी बाहेर आलो न्हाई, सर. आता खुर्ची माझी न्हवं?"

शेवटची खुर्ची गिरक्या घेत वळणाकडं निघाली होती. सरांनी तिच्याकडं बोट केलं.

"तुझीच की. ती बघ चालली. जा, बस जाऊन."

"आलं ध्यानात, सर," केरबा म्हणाला आणि त्यानं उडी मारली.

खालच्या गावाच्या बंधाऱ्याला खुर्ची अडली, तेव्हा केरबा तिच्यावर बसलेला होता. लोकांनी दोर टाकला, आरडाओरडा केला, बाबा, ऊठ आणि दोर धर. केरबानं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि नकारार्थी मान हलवली.

"लई मुश्किलीनं मिळालीय," तो म्हणाला. "उठलो आन् दुसरं कोण बसलं म्हंजे?"