वाळूत रुतलेला रथ

भक्तहो, सद्गुरू विमलनाथ महाराज तेव्हा धामणखेडे या नदीकाठच्या गावी मुक्कामाला होते. कार्तिकातला गोपाळकृष्णाचा रथोत्सव होता. रथ नदीच्या पात्रातून पलीकडच्या देवळात न्यायचा आणि रथावर देवाच्या शेजारी गावच्या पाटलांनी बसायचे, अशी तिथली रीत. धारराव पाटील माणूस कर्तबगार, पण मानाचे भारी भुकेले.

त्याच गावात रंगूबाई नावाची कुंभारीण राहत असे. रथाची वाट झाडून, काटेकुटे वेचून ती देवाची सेवा करी. त्या सकाळी रथाच्या दोराला हात लावू द्यावा म्हणून तिने धाररावांना विनवले. धारराव सर्वांदेखत हसले. दोर मानकऱ्यांचा, तू आपली केरसुणी धर, असे त्यांनी तिला ऐकवले. रंगूबाई रथामागून चालू लागली. महाराजही पुढची मानाची जागा सोडून तिच्यासोबत मागे आले.

पात्राच्या मधोमध रथाचे चाक वाळूत रुतले. मानकऱ्यांनी पुष्कळ जोर लावला, रथ हलेना. तेवढ्यात डोंगरात पडलेल्या अवकाळी पावसाचा गढूळ लोंढा येताना दिसला. दोर टाकून जो तो काठाकडे धावला. धारराव वरून हुकूम सोडत होते, पण ऐकतो कोण? खाली गुडघाभर पाण्यात रंगूबाईने चाकाला खांदा लावला होता.

"रंगू, तुझ्याने हा रथ हलणार आहे का?" धारराव ओरडले.

"नाही हलायचा, पाटील. पण देवाला पाण्यात सोडून मी जाऊ कशी?"

महाराजांनी दुसऱ्या चाकाला हात घातला आणि वर पाहून म्हणाले, "धारराव, कुरुक्षेत्रावर भगवंतांनी अर्जुनाच्या घोड्यांच्या अंगातले बाण आपल्या हातांनी उपटले, त्यांना पाणी पाजलं. ते तर त्रैलोक्याचे धनी. तुम्ही एका गावाचे. खाली या."

धाररावांना ते पटले, पण खालचे पाणी पाहून त्यांचा पाय उचलेना.

इतक्यात एक उंच, सावळा गडी पाणी तुडवत आला. रंगूबाईच्या शेजारी खांदा लावून तो हसत म्हणाला, "मावशी, आता जोर लावा."

आणि काय नवल! रथ फुलासारखा उचलला गेला. ते पाहून काठावरचे लोक धावत आले, त्यांनी दोर धरले. रथ काठाला लागला आणि मागून लोंढा गर्जत निघून गेला. टाळ-मृदंग दणाणू लागले.

त्या गड्याला शेला द्यावा म्हणून धारराव रथावरूनच नजरेने त्याला शोधू लागले. तो कुठेच नव्हता. एवढ्यात पुजारी आरतीसाठी रथावर चढले आणि थबकले. मूर्तीच्या खांद्यावर ओली वाळू होती. पीतांबर गुडघ्यापर्यंत निथळत होता. शेजारीच बसलेल्या धाररावांच्या अंगावर मात्र पाण्याचा थेंबही उडाला नव्हता.

धाररावांनी हात जोडले. "महाराज, देव खाली उतरला आणि मी वर बसून राहिलो."

"ज्यांच्या शेजारी तो उभा राहिला, त्यांना सांगा," महाराज म्हणाले.

धारराव खाली आले. पागोटे काढून त्यांनी रंगूबाईच्या पायांवर डोके ठेवले. ती संकोचून मागे सरली. "उठा पाटील, देवाची आरती खोळंबली आहे."

धाररावांनी जोडे काढले, दोराचे टोक तिच्या हाती दिले आणि तिच्या मागे उभे राहून स्वतः दोर धरला. गुलाल उधळला गेला. महाराजांनी गोपाळकृष्णाचा गजर सुरू केला आणि रथ देवळाकडे निघाला.