ब्रेक ओरडला, बेल्ट गप्प होता

एकदा एक जुनी मोटार घाटाखालच्या गावात शिरली, आणि ती दिसण्याआधी तिचा आवाज येऊन पोचला. पुढच्या चाकांतून निघालेली ती किंकाळी ऐकून बाजारातल्या माणसांनी कानांवर हात ठेवले. मोटार एका गॅरेजसमोर वळली, दारातल्या रिकाम्या पिंपाला हलकासा धक्का देऊन थांबली आणि आतून दोघे भाऊ उतरले.

थोरला भाऊ कोकम-आमसुलांचा व्यापारी. त्याला सगळे शेट म्हणत. धाकट्याचं नाव अच्युत. तो गाडी चालवी. खालचा माल घाटावरच्या पेठेत पोचवायचा आणि काळोख पडल्यावर घाट उतरून परत यायचं, आणि वाटेत काही बिघडलं की याच गॅरेजात थांबायचं, हा दोघांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. शेट बोलायचा आणि अच्युत चालवायचा, अशी कामाची वाटणी आपोआप होऊन गेली होती. दोघांनाही ती सोयीची होती. निदान शेटला तरी तसं वाटत होतं.

गॅरेजचा मालक एक वृद्ध मेस्त्री होता आणि त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. शिष्य हा शब्द वाचून कुणी कमंडलू आणि दर्भासन डोळ्यांपुढे आणू नये. हा शिष्य तिशी ओलांडलेला, संसारी माणूस होता, आणि त्याच्या नखांतलं ग्रीस लग्नातल्या हळदीनेही निघालं नव्हतं. विद्या मात्र त्याने शिष्यासारखीच, पायाशी बसून घेतली होती.

या गॅरेजची एक रीत होती. गाडी आली की बॉनेट उघडायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. लांब पेचकसाचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. कुठलं बेअरिंग कुरकुरतं, कुठला व्हॉल्व्ह टकटकतो, हे आधी कानाने ओळखायचं आणि मगच पान्याला हात घालायचा. शिष्याचा कान इतका तयार झाला होता की लोक गुरूला ओलांडून त्यालाच हाक मारू लागले होते. मेस्त्रीला याचा आनंद होता, आणि थोडी काळजीही होती.

शेट आला तोच बोलत आला. "मेस्त्री, आज गाडी अशी करून द्या की बोट दाखवायला जागा नको. वर शहरात माझी लेक बाळंत झालीय. उद्या बाळ-बाळंतिणीला माहेरी आणायचंय. तिच्या सासरची माणसं ओटी भरल्याशिवाय सोडायची नाहीत. म्हणजे निघायला संध्याकाळ, आणि घाट उतरायचा अंधारात. मांडीवर महिन्याचंही नाही असं पोर असणार. हा आवाज मला चालायचा नाही."

"आवाज जाईल," मेस्त्री म्हणाला आणि त्याने शिष्याला खूण केली.

शेटने पिशवीतून एक खोका काढला. "ब्रेकचे पॅड मी घेऊनच आलोय. दुकानदार म्हणाला, गाडी मोडीत जाईल पण हे झिजायचे नाहीत."

शिष्याने चाक उतरवलं, आतल्या लोखंडी डिस्कच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि खोका परत शेटच्या हातात दिला. "हे नकोत, शेट. तुमच्या डिस्क जुन्या आहेत, पातळ झाल्यात. एवढे कडक पॅड लावले तर ते खरंच झिजणार नाहीत, पण डिस्क झिजवतील. नेहमीचे मऊ लावू. ते झिजतील, आणि संपत आले की त्यांच्यातली पत्र्याची पट्टी डिस्कला घासून ओरडायला लागेल. आज ओरडतेय ती तीच. ओरडण्यासाठीच ती ठेवलेली असते."

"म्हणजे झिजणारी वस्तू चांगली म्हणायची?"

"त्या जागी तरी झिजणारीच चांगली."

शेटने मेस्त्रीकडे पाहिलं. मेस्त्रीने मान हलवली. शिष्याची निवड अचूक होती आणि तिच्यात एका शब्दाची भर घालण्याची गरज नव्हती. शेटने कुरकुरत खोका पिशवीत टाकला.

दुपार होईतो नवे पॅड बसले. जुन्या गाडीला शोभेल असंच सगळं काम झालं: तडकलेली नळी बदलली, तेल नवं भरलं. शिष्याने गाडी रस्त्यावर नेऊन पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून पाहिले. किंकाळी थांबली होती. मग रीतीप्रमाणे बॉनेट उघडून, पेचकस कानाला लावून तो बराच वेळ उभा राहिला आणि समाधानाने म्हणाला, "झालं. न्यायला हरकत नाही."

तेव्हा मेस्त्री उठून गाडीपाशी आला. "टायमिंग बेल्ट?"

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या कडेला झाकणाआड फिरणारा दातेरी रबरी पट्टा. इंजिनाची वरची आणि खालची हालचाल तो एका तालात ठेवतो. शिष्याने इंजिन बंद करून झाकण काढलं. पट्टा काळाभोर आणि स्वच्छ दिसत होता.

"ऐकला, वस्ताद. काही बोलत नाही. दात शाबूत आहेत, भेग कुठे नाही."

"शेवटचा कधी बदलला होता?"

शिष्याने शेटकडे पाहिलं. शेटने अच्युतकडे पाहिलं. अच्युत म्हणाला, "आपण गाडी घेतल्यापासून तरी नाही."

"घेतली तेव्हा आधीचा मालक म्हणाला होता, नुकताच बदललाय म्हणून," शेट म्हणाला. जुनी गाडी विकणाऱ्याचं 'नुकताच' किती लांबीचं असतं हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"खुणा जुळव," मेस्त्रीने सांगितलं. पट्ट्याचा ताण तपासायचा असेल असं समजून शिष्याने पट्ट्याची चक्रं फिरवून त्यांच्यावरच्या वरच्या-खालच्या तालाच्या खुणा जागेवर आणल्या. मेस्त्रीने खिशातून चाकू काढला, तो पट्ट्याखाली घातला आणि एका झटक्यात पट्टा कापला.

शेटचा आवाज चढला. "हे काय केलंत, मेस्त्री? आम्हाला आज वर पोचायचंय आणि तुम्ही चालती गाडी बंद पाडलीत?"

शिष्याचा चेहरा उतरला. जो पट्टा त्याने गिऱ्हाइकासमोर चांगला ठरवला होता तो गुरूने गिऱ्हाइकासमोरच कापला होता. इतक्या वर्षांच्या विद्येवर असा चाकू फिरावा, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

मेस्त्रीने तुटका पट्टा त्याच्या हातात दिला. शिष्याने तो उलटा वाकवला, प्रत्येक दाताच्या मुळाशी नख घालून पाहिलं. दोष सापडला असता तर त्याला हलकं वाटलं असतं. तो सापडला नाही. शेटने पट्टा ओढून घेतला. "चांगला होता की हो!" त्याने तो अच्युतकडे दिला. अच्युतने पट्टा नाकाशी नेऊन न्याहाळला आणि परत केला.

"आधी नवा घेऊन ये," मेस्त्री शिष्याला म्हणाला. "सोबतचं बेअरिंगही आण. आणि खोक्यावरची तारीख बघून आण. रबर फळीवर बसूनही म्हातारं होतं."

शिष्य गेला आणि खोका घेऊन आला. शेटचा आता कुणावरच विश्वास उरला नव्हता. त्याने खोका हिसकावला, त्यावरची बारीक अक्षरं त्याला लागेनात म्हणून अच्युतपुढे धरला. "वाच रे तारीख." अच्युतने तो हातात घेतला, थोडा फिरवला आणि शिष्याकडे दिला. "तूच वाच. तुझे डोळे कोवळे." तारीख ताजी होती. शिष्य पट्टा बसवायला लागला.

काही वेळाने, वर न बघता, त्याने विचारलं, "वस्ताद, त्यात काय खोट होती?"

"मला माहीत नाही," मेस्त्री म्हणाला. "म्हणूनच कापला. अजून वर्षभर चालला असता, किंवा उद्या पोर मांडीवर असताना मधल्या वळणावर तुटला असता. उतरवून नुसता बाजूला ठेवला असता, तर दिसायला चांगला म्हणून कधीतरी कुणीतरी पुन्हा चढवला असता. कदाचित मीच."

मग तो टायरवर टेकला आणि सावकाश बोलू लागला. "ब्रेक संपायच्या आधी ओरडतो. जो ओरडतो त्याची फार चिंता करू नये, तो स्वतःची आठवण स्वतःच करून देतो. हा पट्टा मात्र शेवटच्या फेऱ्यापर्यंत पहिल्या दिवसासारखाच गप्प फिरतो. तो तुटला की इंजिन बंद. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारा जोर जातो, पेडल दगडासारखं होतं. तू निवडलेले पॅड अगदी योग्य होते, पण तेही या मुक्याच्या जिवावर. तुला मी ऐकायला शिकवलं. ते शिकवणं अर्धंच झालं, चूक माझी आहे. ऐकणाऱ्याला फक्त बोलणारे कळतात. जो बोलत नाही त्याला 'कसा आहेस' विचारून काही हाती लागत नाही. 'ठीक आहे' हेच त्याचं उत्तर. त्याला 'कधीपासून' हे विचारावं लागतं. त्याच्या झिजेची आठवण त्याने ठेवायची नसते, आपण ठेवायची असते."

शेटचा राग ओसरला होता. त्याने सगळ्यांसाठी चहा सांगितला.

पलीकडच्या टपरीवरून चहा आला. शिष्याने हात पुसून एक ग्लास अच्युतपुढे केला. अच्युतचा हात आला तो ग्लासाच्या शेजारी, रिकाम्या हवेत. मग तो चाचपत ग्लासापर्यंत पोचला. सारं इतकं सहज घडलं की इतरांचं लक्षही गेलं नाही.

शिष्याचं गेलं. त्याला दारातलं पिंप आठवलं. नाकाशी नेलेला पट्टा आठवला आणि हातातून हातात सरकवलेला खोका आठवला. यातल्या कशालाच आवाज नव्हता. दिवसभर तो चाकं आणि इंजिन ऐकत होता, आणि या माणसाने दिवसभरात दोन-चार वाक्यांपलीकडे काही ऐकवलंच नव्हतं.

तो अच्युतजवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, डोळे शेवटचे कधी दाखवलेत?"

अच्युतने चहाचा घोट घेतला. "डोळ्यांना काय झालंय? ठीक आहेत."

"ठीक आहेत ते कळलं. कधी दाखवलेत?"

अच्युतने ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "दाखवले नाहीत."

शेटने मान वळवली. "म्हणजे? अच्युत, तुला दिसत नाही?"

"दिवसा दिसतं, दादा. थोडं धुरकट. रात्री समोरून गाडीचा दिवा आला की रस्ता जातो. सगळं पांढरं होतं. वळणं पाठ आहेत म्हणून चाललंय."

"कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून."

शेट बाकावर बसला. त्या पावसाळ्याआधीपासून ते दोघे किती रात्री तो घाट उतरले होते, आणि शेजारच्या जागेवर बसून आपण भावाची विचारपूस न करता फक्त बाजारभावाच्याच गप्पा कशा हाकत होतो, हे त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. "मला सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं, आणि आवाज नेहमीसारखा चढवायला गेला तर तो चढला नाही.

"सांगून काय करणार होतास? गाडी कुणी चालवायची?" अच्युत म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. मग थोडं थांबून तो म्हणाला, "उद्याचं मात्र मनात होतं, दादा. पोर गाडीत असताना कसं उतरायचं म्हणून. परवापासून झोप नाही मला."

शेट उठला आणि भावाच्या शेजारी जाऊन बसला. त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याने लेकीच्या सासरी फोन लावला आणि सांगितलं की आम्ही आज येत नाही, उद्या पहाटे निघतो. ओटी दुपारच्या आत भरा, घाट उजेडात उतरायचाय. फोन ठेवून तो शिष्याकडे वळला. "उद्या गाडी तू चालवशील का? वर गेल्यावर आधी याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडू."

शिष्याने गुरूकडे पाहिलं. गुरूने होकार दिला.

भाऊ त्या रात्री गावातच मुक्कामाला गेले. शिष्याने हत्यारं पुसून जागेवर लावली आणि जाता जाता विचारलं, "वस्ताद, तुम्हाला आधीच कळलं होतं ना? म्हणूनच तुम्ही तसं बोललात."

"नाही," मेस्त्री म्हणाला. "मी पट्ट्याबद्दलच बोलत होतो. इतकी वर्षं हा माणूस माझ्या दारात गाडी लावतोय, आणि मीसुद्धा गाडीच बघत होतो."

त्याने कापलेला पट्टा उचलला आणि भिंतीवर, ज्या खिळ्याला ऐकण्याचा लांब पेचकस टांगलेला असे, त्याच खिळ्याला अडकवला. दुसऱ्या दिवशी मोटार घाट चढली तेव्हा पुढे शिष्य होता आणि मागच्या जागेवर दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते. दिवस मावळायच्या आत ती बाळाला घेऊन खाली उतरली, आणि ती कधी उतरली हे बाजारात कुणाला कळलंही नाही.

आपल्या घरातले ओरडणारे ब्रेक आपल्याला पाठ असतात. गप्प फिरणाऱ्याला आज एकदा शेजारी बसून विचारावं, कधीपासून.