वाटीत बसून येणारी झोप

एक होता राजा. राजा म्हणजे आपला छोटासाच, बरं का. एक डोंगर, एक नदी आणि नदीकाठची थोडी घरं, एवढंच त्याचं राज्य. मुकुट घातला की डोक्याला घाम येतो म्हणून तो मुकुट खुंटीलाच टांगलेला असायचा. लोकही त्याला भीत नसत. वाटेत भेटला तर थांबवून गाईचं दूध कसं आहे ते विचारत.

त्या राज्याची एक गंमत होती. तिथे झोप चालत यायची नाही. ती वाटीत बसून यायची. आता हसू नका, नीट ऐका. एका घरात काही चांगलंचुंगलं शिजलं की शेजारच्या घरी वाटीभर जायचं. खीर म्हणा, उसळ म्हणा. मग ती वाटी परत यायची, पण रिकामी कधीच नाही. कुणी तिच्यात चार शेंगा ठेवायचं, कुणी गुळाचा खडा, आणि घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर. त्या साखरेवर पाय पोटाशी घेऊन झोप बसलेली असायची. ती घरात शिरायची, पाळण्यातल्या बाळापासून खाटेवरच्या आजोबांपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांवरून हात फिरवायची आणि दुसऱ्या वाटीत बसून पुढच्या घरी जायची. हे बायकांनाही ठाऊक नव्हतं. आया करत आल्या म्हणून त्याही करत होत्या.

राजाला एक मुलगी होती. तिचं नाव केवडा. लहान असतानाच ती शिकायला गेली, पार सात नद्यांपलीकडच्या शहरात. तिथे ती ताऱ्यांची नावं शिकली, औषधं शिकली, परक्या भाषा शिकली. ती तिकडे शिकत होती आणि इकडे तिची आई वारली. मग केवडा मोठी झाली, तिचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. गाडीतून उतरली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, जगभर हिंडले. पण माझं बाळ इथेच वाढणार. इथलं पाणी पिणार आणि इथली गाणी ऐकणार." राजाचे डोळे भरून आले. त्याने नाक पुसलं आणि शिपायाला पाळणा धुवायला सांगितलं.

मग केवडाला मुलगी झाली. एवढीशी, मऊमऊ. सगळे तिला छकुली म्हणू लागले. गावाला कोण आनंद झाला. तांबटाच्या बयोकाकूने डिंकाचे लाडू पाठवले. माळ्याच्या ताराक्काने मेथीची भाजी पाठवली. कोष्ट्याच्या हौसामावशीने अळिवाची खीर पाठवली. तीन घरांच्या तीन वाट्या आल्या आणि वाट्यांबरोबर झोप आली. छकुली अशी झोपली, अशी झोपली, की राजा वाड्यात चवड्यांवर चालू लागला.

केवडाला वाटलं, किती मायेची ही माणसं. तिने त्या वाट्या स्वतः घेतल्या. चिंच लावली, राख लावली आणि घासून घासून आरशासारख्या केल्या. शहरात तिला शिकवलं होतं, की दुसऱ्याची वस्तू स्वच्छ करून लगेच परत द्यावी. मग तिने सिदोजीला हाक मारली. सिदोजी म्हणजे वाड्यातला एकुलता एक शिपाई. तो वाट्या घेऊन निघाला. लख्ख वाट्या. आणि रिकाम्या.

बयोकाकूने वाटीत पाहिलं. मग वाटी उलटी करून पाहिली.

"काय हो सिदोजी, वाटेत काही सांडलं नाही ना?"

"छे. बघा तरी कशी चमकते आहे. बाईसाहेबांनी स्वतः घासली."

"चमकते खरी," बयोकाकू म्हणाली आणि आत गेली.

तिला वाटलं, आपलं येणंजाणं केवडाला नको असेल. ताराक्काला वाटलं, एवढी शिकलेली बाई, हिला आपली मेथी कशाला आवडेल. हौसामावशीला काय वाटलं ते ती बोललीच नाही, पण दिवसभर तिच्या मागावरचा धागा तुटत राहिला. मग वाड्यावर कुणाचीच वाटी गेली नाही.

आणि छकुलीची झोप उडाली.

दिवस गेला, रात्र गेली, डोळे टक्क उघडे. आधी ती रडायची. मग तिला रडायचंही बळ राहिलं नाही. दूध ओढताना मध्येच थांबायची आणि आईकडे नुसती बघत राहायची. हातात घेतली की पिसासारखी हलकी लागायची. केवडाने आपल्या औषधांचं तेल काढलं, टाळूवर चोळलं, काही झालं नाही. राजाने चंदनाचा नवा पाळणा करवून घेतला, काही झालं नाही. मग राजा स्वतः गायला बसला. त्याने गाईची झोप मात्र मोडली.

एका दुपारी केवडा छकुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती. पाहते तर दाराच्या पायरीवर एक म्हातारी बसलेली. मऊ विटकं लुगडं, हातात पंखा, आणि जांभयांवर जांभया देते आहे.

"आजी, कोण तुम्ही?"

"आजी नको म्हणू, मावशी म्हण. मी झोप. कधीची बसले आहे इथे."

"मग आत या ना. माझी मुलगी बघा काय झाली आहे."

"मी पायी जात नाही गं कुणाच्या घरात. माझे गुडघे दुखतात. वाट्यांची ये-जा असली तरच मी आत येते. तुझ्या घरातून वाटी गेली पाहिजे आणि तिच्यात मला बसायला काहीतरी पाहिजे. तू पाठवल्यास त्या वाट्या अशा गुळगुळीत, की माझं बूड टेकेना."

मग केवडाच्या ध्यानात आलं. वाटी रिकामी पाठवायची नव्हती. ती धावत आत गेली. तिने चांदीच्या वाट्या काढल्या, त्या मोत्यांनी भरल्या आणि तिन्ही घरी पाठवल्या. थोड्या वेळाने सिदोजी तशाच भरलेल्या वाट्या घेऊन परत आला.

"घेतले नाहीत. बयोकाकू म्हणाल्या, राणीसाहेबांना सांग, आम्ही लाडू विकायला काढले नव्हते."

राणीसाहेब. कालपर्यंत ती केवडा होती, बरं का. पायरीवरची म्हातारी कंबर चोळत म्हणाली, "मोत्यांवरून घसरले मी. जरा जपून पाठव."

मग केवडाने शहरातून आणलेली मिठाई काढली. वर सोन्याचा वर्ख, खाली रंगीत कागद. ती पाठवली. या वेळी बायकांनी वाट्या ठेवून घेतल्या. "मिठाई पावली म्हणावं," असा निरोप आला आणि निरोपामागून काहीच आलं नाही. म्हातारी म्हणाली, "गारढोण आहे गं ती मिठाई. कुठल्या हलवायाने केली, कुणासाठी केली, त्याचं त्यालाही ठाऊक नाही. मला तिच्यावर बसवत नाही."

केवडा मागच्या अंगणात गेली आणि मटकन खाली बसली. छकुली तिच्या मांडीवर डोळे उघडे ठेवून पडली होती. केवडाला वाटलं, एवढं शिकले आणि वाटीत काय घालावं हे काही कळत नाही. वर पाहिलं तर कढीपत्त्याचं झाड. तिच्या आईने लावलेलं. किती दिवसांत कुणी त्याला हात लावला नव्हता, फांद्या पार जमिनीला टेकल्या होत्या. केवडाने एक डहाळी तोडली. मग आणखी एक. हाताला तो वास लागला. तिने घरातली साधी पितळेची वाटी घेतली, तिच्यात पानं ठेवली, छकुलीला दुपट्यात गुंडाळलं आणि या वेळी सिदोजीला हाक मारलीच नाही.

बयोकाकूच्या ओटीवर तिघी शेवया करत बसल्या होत्या. एक कणीक मळत होती, एक वळत होती, एक काठीवर वाळत घालत होती. केवडाला पाहून तिघींचे हात थांबले. मग बयोकाकूच आधी बोलली.

"अगं, बाळंतीण अशी उन्हात येते का? कान कुठे बांधलेत तुझे?"

"काकू," केवडा म्हणाली, "मला शेवया येत नाहीत. लाडू येत नाहीत. हा आईच्या झाडाचा कढीपत्ता आणला आहे. माझी मुलगी झोपत नाही आणि मला काही सुचत नाही."

ताराक्काने पानं हातात घेतली, चुरगळून वास घेतला.

"हेच ते झाड. तुझी आई कुंपणावरून डहाळ्या द्यायची. केवडे, एवढं शिकलीस आणि वाटी रिकामी पाठवू नये, एवढंच राहिलं होय गं?"

"मला सांगणारं कोण होतं, ताराक्का?"

मग हौसामावशी पदराला हात पुसत हळूच म्हणाली, "आम्ही होतो की. सांगायचं सोडून आम्ही रुसून बसलो. आण इकडे पोरीला."

तिने छकुलीला मांडीवर घेतलं. बयोकाकूने ती वाटी शेजारी ठेवली. आणि मग काय झालं, तर त्या हिरव्या पानांवर झोपमावशी ऐसपैस बसली होती. तिने एक मोठी जांभई दिली, पाय मोकळे केले आणि छकुलीच्या पापण्यांवरून हात फिरवला. एकदा. मग पुन्हा. छकुलीने ओठ मुडपले, एक सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले.

केवडा बघतच राहिली. आणि बघता बघता तिचीही मान कलली, कारण इतके दिवस तीही कुठे झोपली होती. बयोकाकूने कणकेचा हात तसाच वर धरला आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

तेवढ्यात राजा शोधत आला. घामाघूम, अनवाणी.

"अहो, माझी लेक दिसली का? नातीला घेऊन कुठे..."

"हळू बोला, राजेसाहेब," ताराक्का कुजबुजली. "झोपली आहे."

"कोण, नात?"

"दोघी."

मग राजाही ओटीच्या कडेला बसला. ताराक्काने त्याच्या हातात शेवयांची काठी दिली, ती तो मुकाट्याने धरून बसला. संध्याकाळी केवडा घरी निघाली तेव्हा तिच्या वाटीत शेवया होत्या. दुसऱ्या दिवशी तिने त्यांची खीर केली. थोडी खाली लागली, पण सगळ्यांनी खाल्ली, आणि ताराक्काने तर तोंडावर सांगितलं की खरपूस लागते आहे. पुढे छकुलीचं थाटात बारसं झालं, ती गुटगुटीत झाली, आणि त्या राज्यातली सगळी माणसं एकमेकांच्या घरचं खात, भांडत, हसत, आनंदात राहिली.

झाली गोष्ट. आता डोळे मिटा. आज संध्याकाळी शेजारच्या वहिनींची वाटी आपल्याकडे आली आहे ना? तिच्यातून मावशी आता उतरते आहे. सरका जरा, तिला मध्ये जागा द्या. आणि निजा.