धूर खाल्लेला दांडा

फार जुनी गोष्ट आहे मंडळी, सुतार आपली हत्यारं आपणच घडवत असत त्या काळची. एका गावात दोघे सुतार भाऊ शेजारी शेजारी राहत. वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार. त्याचा दांडा बाभळीचा करायचा आणि वर्षभर चुलीवर टांगून ठेवायचा, अशी त्यांच्याकडे रीत होती. धूर खाऊन दांडा काळा पडला, वाळून टणक झाला, की मगच त्याला पातं बसवायचं.

एकदा राजाने वेशीला नवा दरवाजा करायला काढला. ज्याच्याकडे स्वतःचं हत्यार, त्यालाच काम. आणि नेमका आदल्या संध्याकाळी धाकट्याचा दांडा मोडला.

"दादा, तुझ्या चुलीवर एक आहे ना? तेवढा दे. हात हलवत गेलो तर कारभारी दारातूनच परत पाठवील. असं दुष्काळाचं वर्ष, पोरं काय खातील?"

थोरल्याकडे जादा दांडा तेवढाच होता. त्याच्या मनात आलं, उद्या माझाच मोडला तर? द्यायचं जिवावर आलं, आणि सख्ख्या भावाला नाही म्हणायचंही जिवावर आलं.

"सकाळी ये," तो म्हणाला, "पातं बसवून ठेवतो."

त्याने परसातल्या बाभळीची ओली फांदी तोडली, तासली आणि तिला तेलात कालवलेली काजळी फासली. शिळ्या भाजीवर पाणी मारून ती ताजी म्हणून खपवणारे बाजारात असतात ना, त्यातलाच प्रकार! मग पातं बसवून, पाचर ठोकून हत्यार पाण्यात ठेवलं. दांडा फुगला, पातं गच्च झालं.

सकाळी धाकट्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "धूर खाल्लाय ना, दादा?"

"तुला काय कच्चा देईन होय रे?"

धाकटा ओशाळून हसला.

दोघे एकाच तुळईवर समोरासमोर तासायला बसले. ऊन चढलं. थोरल्याचं लक्ष भावाच्या तळहातांकडे गेलं. ते काळेकुट्ट झाले होते. धुराचा रंग घामाने सुटत नाही, काजळीचा सुटतो. 'थांब' म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण मागेच कारभारी उभा होता, मुख्य सुतार निवडायला आलेला. थोरल्याने तोंड मिटलं. भाकरीला बसल्यावर सांगू, म्हणाला मनाशी.

भाकरीची वेळ व्हायच्या आधीच उन्हाने ओला दांडा आकसला आणि पातं निखळलं.

ते थोरल्याच्या उजव्या मनगटात घुसलं. वैद्याने जीव वाचवला, हात काही वाचला नाही.

"माझ्या हातून झालं रे दादा, माझ्या हातून!" धाकटा कपाळ बडवून घेत होता. मग त्याची नजर स्वतःच्या काळ्या तळहातांवर गेली, आणि कपाळाकडे उचललेला हात तसाच थांबला.

पुढे दोन्ही घरं धाकट्यानेच चालवली. थोरल्याला तो आपल्या हाताने घास भरवायचा. पण 'दादा' अशी हाक त्याने पुन्हा कधी मारली नाही. आणि थोरला जेवताना मान वर करत नसे. वर, चुलीवर, तो राखून ठेवलेला दांडा अजून धूर खात लटकत होता.

तात्पर्य काय, तर जे हत्यार आपण स्वतः हाती धरणार नाही, ते दुसऱ्याच्या हाती देऊ नये.