बोरेआसची हाक

श्रोतेहो, वाऱ्याला नाव देण्याचा अधिकार कोणाचा? आधी ऐका, मग सांगा.

एका राज्यात दुर्धर्ष नावाचा राजा होता. त्याच्या जन्मापूर्वी यवन म्हणजे ग्रीक खलाशांचे फुटके जहाज उत्तरेच्या वाऱ्याने तेथील किनाऱ्याला सुखरूप लावले होते. खलाशांनी वाळूत गुडघे टेकून आपल्या भाषेत त्या वाऱ्याला साद घातली : बोरेआस. पाहुण्यांच्या कृतज्ञतेचा तो शब्द लोकांनी जपला. धान्य उपणताना खळ्याची वडीलधारी 'बोरेआस' अशी हाक देई, बाकीचे 'ये' म्हणत, आणि वारा येऊन भूस नेई.

राजाला ते सोसवेना. वाऱ्याने दुर्धर्ष हे नाव धारण करावे, असे त्याने फर्मावले. त्याच्या कालकंठ नावाच्या मांत्रिकाने जुने नाव शापाच्या गाठीत बांधले. जो उच्चारील, त्याची वाचा जाईल. वारा थबकला. रास भुशासकट पडून राहिली. आकाशात ढग जमले. एका सरीत वर्षाचे अन्न कुजणार होते.

खळ्याची वडीलधारी इरावती सूप घेऊन उपणण्याच्या तिवईवर उभी होती. उत्तरेहून आलेला करकोचा तिला म्हणाला, "बाई, शापाला एकच गळा गिळता येतो. मात्र आधी आमिषाला आणि धाकाला तीन नकार दे."

राजाचे नाव घेशील तर हे तुझे, म्हणत कालकंठाने मंतरलेला खजिना उघडला. त्यात सोन्याचे गहू होते.

"याची भाकरी होत नाही," ती म्हणाली.

त्याने तिच्या हातातील सुपाचा नाग केला. तिने सूप सोडले नाही.

मग राजा स्वतः आला. "माझे नाव एकदाच घे. वारा देतो."

"महाराज, आपल्या हाकेला आपला घोडाही वळत नाही. वारा ईश्वराचा आहे. नाही घेत."

तिने शेजारणींकडे पाहिले. आज नुसते 'ये' म्हणून भागणार नाही, हे त्यांना उमगले. तिने हाक दिली, "बोरेआस!" तिचा गळा आवळला, पण त्याच श्वासात साऱ्या खळ्याने तेच नाव घेतले. शापाला गळा निवडता येईना. गाठ सुटली. सोने भूस झाले, नागाचे सूप झाले, इरावतीचा कंठ मोकळा झाला, कालकंठाची वाचा गेली. उत्तरेचा वारा आला आणि पावसाआधी धान्य कणग्यांत पोहोचले.

परंतु शापाची गाठ सुटली तरी रिकामी राहत नसते. तिने दुसरे नाव ओढून घेतले.

राजा महालाशी परतला. द्वारपालाने भाला आडवा धरून विचारले, "आपण कोण?"

राजाने तोंड उघडले. त्याला आपले नाव सांगता आले नाही.