भुंग्याचे मळके पाय

एका डोंगरउतारावरच्या जंगलात एक सशीण राहत असे. राहत असे म्हणण्यापेक्षा, मुलांनो, ती काळजी करत असे, आणि काळजी करून वेळ उरलाच तर राहत असे. तिला तीन पिल्लं होती. पिल्लू शिंकलं की तिला वाटे, थंडी बाधली. शिंकलं नाही की वाटे, शिंक आतच अडकली असेल का? कान उभे दिसले तर ताप, कान पडलेले दिसले तर अशक्तपणा. आणि एक उभा, एक पडलेला दिसला की ती मटकन खालीच बसे.

यंदाची काळजी मात्र उगाचची नव्हती. त्या उतारावरचा ओढा ऐन उन्हाळ्यात आटून जाई, आणि मग पिल्लांच्या घशाला ओलावा मिळे तो फक्त काकडीचा. सशीण दरवर्षी ओढ्याकाठी वेल लावी. पण गेल्या वर्षी गोगलगाईंनी कोंब खाल्ले, अळ्यांनी पानं खाल्ली, आणि उरलेला वेल एका भेकराने जाता जाता तोंडात टाकला, तेही दुसऱ्याशी गप्पा मारत. वाचली ती एकच वाकडी काकडी. ती सशिणीने मन घट्ट करून बियांसाठी राखली, आणि पिल्लांनी तो उन्हाळा ओढ्यातले गार दगड चाटून काढला. ते चाटण्याचे आवाज तिच्या कानांतून अजून गेले नव्हते, आणि कान तर तुम्हाला ठाऊकच आहेत, केवढे मोठे! यंदा वेल फळला नाही, तर उन्हाळ्यात काकडी नाही आणि पुढच्या वर्षी पेरायला बीही नाही.

म्हणून तिने ठरवलं, वेल घरातच वाढवायचा. सहलीला आलेली माणसं एक भलामोठा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद जंगलात टाकून गेली होती. सशिणीने बांबूच्या कामट्या वाकवून कमानी केल्या, त्यांवर तो कागद ताणला, कडा मातीत पुरल्या, आणि बिळाला लागूनच एक छोटंसं हरितगृह उभं केलं. कागदाला एक फट होती, ती डिंकाने बुजवली. एक भोक होतं, ते मेणाने बुजवलं. मग जिथे फटही नव्हती आणि भोकही नव्हतं, तिथेही तिने थोडा डिंक लावून ठेवला. असू दे.

बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या. पळसाच्या पानांचे द्रोण करून त्यांत कुजलेल्या पाल्याची माती भरली. आता बी लावायचं ते टोक वर करून की टोक खाली करून, हे काही केल्या तिला आठवेना. शेवटी अर्ध्या बिया तिने एका तऱ्हेने लावल्या, अर्ध्या दुसऱ्या तऱ्हेने, आणि मग यांतल्या कुठल्या अर्ध्या चुकल्या याची काळजी करत बसली. उगवल्या सगळ्याच. बाहेर थंडीने गवत आखडून गेलं होतं आणि आत, उबेला, दोन-दोन जाडसर पानं हात जोडल्यासारखी वर आली होती.

त्या दिवसापासून हरितगृहात शिरणं म्हणजे सोपं काम राहिलं नाही. दाराशी कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी ठेवलेलं असे. त्यात पाय बुडवायचे, शेवाळाच्या पायपुसण्यावर पुसायचे, मग कान झटकायचे, मग शेपूट. पिल्लं आत शिरेपर्यंत दमून जात आणि दारातच झोपत.

शेजारची साळू, म्हणजे अंगभर काटे असलेली, जिभेलाही थोडे असलेली, एक दिवस डोकावली. "काय गं सशीणबाई, हे काकडीचं घर की देवघर?"

"साळूताई, तिथूनच बोला हं. तुमच्या काट्यांना काय काय लागलेलं असतं!"

"लागलेलं असतं म्हणूनच मी जगते, बाई. पोरांना बाहेर सोडतेस की नाही? फिकी पडली आहेत बघ, दुधाची साय जशी!"

साळू गेल्यावर सशिणीने पिल्लं उजेडात धरून पाहिली. खरंच फिकी होती का? की साळूच्या बोलण्याने तशी दिसत होती? त्या रात्री तिला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पिल्लांना बाहेर सोडलं नाहीच. फक्त फिकेपणाचीही काळजी सुरू केली.

वेल मात्र असा चढला की कमानी दिसेनाशा झाल्या. मग पिवळी फुलं आली. फुलं दोन तऱ्हेची होती. काही नुसतीच देठावर बसलेली, आणि काहींच्या मागे करंगळीएवढी, लवदार, इवलीशी काकडी. सशिणीने पिल्लांना उचलून उचलून त्या दाखवल्या. "ही बघा! ही तुझी, ही तुझी, आणि ती कोपऱ्यातली..." तेवढ्यात पहिली काकडी पिवळी पडून टपकन गळली. मग दुसरी. मग रोजच. फुलं उमलत, काकड्या करंगळीएवढ्या होत, पिवळ्या पडत आणि गळत. सकाळी वेलाखाली बघवत नसे.

'धूळ बसत असणार,' सशिणीने ठरवलं, आणि ती ओल्या फडक्याने एकेक फूल पुसू लागली. तेव्हा तर काकड्या जास्तच गळू लागल्या. 'नीट पुसलं जात नाही,' असं म्हणून ती दोनदा पुसू लागली.

अशात दारावर गुंग्‌ऽऽ असा आवाज झाला. एक काळाकुळकुळीत, गलेलठ्ठ भुंगा कागदावर डोकं आपटत होता. सशिणीने दार बोटभर उघडलं.

"मावशी, आत येऊ का जरा?"

"मावशी कोणाला म्हणतोस रे?"

"बरं, ताई. आत फुलं आहेत ना? दिसतात बाहेरून."

"आणि तुझे पाय दिसतात मला आतून! बघ जरा त्यांच्याकडे!"

भुंग्याने वाकून पाहिलं. सगळे पाय पिवळ्या भुकटीने माखले होते. "काय झालंय? सहाच्या सहा आहेत की!"

"कुठे कुठे फिरून आलास?"

"घाणेरीवर होतो. मग कोरांटीवर. मग एका दोडक्यावर जरा डोळा लागला..."

"आणि पाय न पुसता इथे आलास? माझ्या घरात लहान मुलं आहेत!"

"आमच्यात पाय पुसायची पद्धत नाही, ताई," भुंगा म्हणाला. दार त्याच्या मिशांवरच बंद झालं.

मग एका दुपारी आभाळ काळं झालं आणि ताड ताड गारा पडू लागल्या. त्यातच दारावर पुन्हा गुंग्‌ऽ झालं, पण फार केविलवाणं. सशीण दाराच्या आत उभी राहिली. उघडलं तर घाण आत येणार. नाही उघडलं तर दाराशी जीव जाणार. ती काळजीखोर होती, पण दुष्ट नव्हती. तिने दार उघडलं, भुंग्याला उचललं आणि आधी त्याला कडुनिंबाच्या पाण्यात बुडवून काढलं.

"याच्यापेक्षा गारा बऱ्या होत्या," भुंगा थुंकत म्हणाला. पण अंग सुकताच त्याला भूक लागली. "ताई, पाहुण्याला नुसतंच बसवून ठेवायचं का?"

पाहुण्याला उपाशी कसं ठेवायचं? "एकेका फुलातून थोडं थोडं घे," सशीण म्हणाली. "पण माझ्यादेखत."

भुंगा पहिल्या फुलात शिरला आणि पिवळा होऊन बाहेर आला. सशिणीने त्याला धरलं, सहाही पाय पुसले आणि सोडलं. तो दुसऱ्या फुलात शिरला. धरलं, पुसलं, सोडलं. तिसऱ्या फुलाशी भुंगा म्हणाला, "ताई, असं जेवण मी जन्मात जेवलो नाही. घासागणिक आंघोळ!"

"बोलू नकोस, तो मधला पाय दे इकडे."

इतक्यात तिच्या लक्षात आलं, मागून पिल्लांचा आवाज येत नाहीये. ती वळली. दार उघडं होतं आणि पिल्लं बाहेर गारा वेचत होती! एक गारांवर लोळत होतं, एकाने गालांत गारा भरल्या होत्या, आणि धाकटं चिखलात बसून डोक्यावर गारा पाडून घेत खिदळत होतं. सशिणीने किंकाळी फोडली आणि ती बाहेर धावली. एकाला धरावं तर दुसरं निसटे. सगळी हाती लागेपर्यंत ती स्वतःच नखशिखांत भिजली.

परत येऊन बघते तर भुंगा या फुलातून त्या फुलात, त्या फुलातून या फुलात मनसोक्त लोळत होता, आणि फुलाफुलावर त्याच्या पायांचे पिवळे ठसे उमटले होते.

"मेल्या! सगळी फुलं बाटवलीस!" सशीण ओरडली. "ऊठ! नीघ! पुन्हा या दारात दिसलास तर बघ!"

"पोट भरलंच होतं म्हणा," भुंगा म्हणाला, आणि एक ढेकर देऊन उडून गेला.

सशीण रडत रडत फुलं पुसायला बसली. दाराजवळची फुलं तिने पुसून लख्ख केली. पण कोपऱ्यातल्या फुलांपर्यंत पोचायच्या आत पिल्लांचे कान कोरडे करायचे होते, मग पोटं शेकायची होती, मग रात्रभर त्यांच्या नाकांना हात लावून बघायचं होतं. आता तिघांनाही सर्दी होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सर्दी झाली, पण एकटीलाच. तिला.

शिंकत शिंकत ती चार दिवसांनी वेलाकडे गेली. दाराजवळच्या काकड्या नेहमीसारख्या पिवळ्या पडून गळल्या होत्या. कोपऱ्यातल्या मात्र चक्क फुगल्या होत्या! हिरव्यागार, ताठ, बोटभर लांब. सशिणीने दाराकडे पाहिलं. मग कोपऱ्याकडे पाहिलं. ही पुसलेली, ती राहून गेलेली. ही स्वच्छ, ती बाटलेली. मग तिने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ते पिवळंधमक झालं होतं. या फुलावरची भुकटी त्या फुलावर जायला हवी होती, तेव्हा कुठे काकडी धरणार होती. आणि ती भुकटी सगळीच्या सगळी तिने रोज नेमाने, दोन-दोनदा, या फडक्यात पुसून घेतली होती.

साळूला कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिचे चार काटे गळून पडले. "अगं, काकड्या गोगलगाय खाते, अळी खाते, भेकर खातं, सगळं ऐकलं होतं. पण फडक्याने खाल्लेल्या काकड्या तुझ्याच!"

कोपऱ्यातल्या काकड्या होत्या तरी किती? एका दुपारलाही पुरल्या नसत्या. भुंग्याला बोलवायलाच हवं होतं, आणि त्याला तर तिने 'मेल्या' म्हटलं होतं. सशिणीने माफी मागायची चार वाक्यं पाठ केली आणि ती वाळक्या बांबूपाशी गेली. भुंगा तिथेच एका भोकात राही.

"भुंगोजी," ती कान पाडून म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला घालवून दिलं, नाही नाही ते बोलले..."

"कोणत्या दिवशी?" भुंग्याने डोकं बाहेर काढलं. "मला रोज कोणी ना कोणी घालवतंच. तुमचं घर कुठलं म्हणालात?"

सशीण पाठ केलेली उरलेली तीन वाक्यं विसरली. "ते... कागदाचं. काकडीचं."

"हां, आंघोळवाल्या ताई! येईन की. पण एक आहे. मी दारं वाजवत बसणार नाही आता, डोकं दुखतं. उघडं दिसलं तर शिरेन, बंद दिसलं तर पुढे जाईन."

"पण दार उघडं ठेवलं तर बाकीचेही येतील!"

"येतील," भुंगा म्हणाला, आणि जांभई देऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सशिणीने दार उघडलं. लगेच बंद केलं. पुन्हा उघडलं. शेवटी दाराला बाहेरून एक दगड लावला आणि स्वतःच त्या दगडावर बसून राहिली, म्हणजे आपल्याच हाताने दार लावलं जायला नको. भुंगा आला. त्याच्यामागून दोन मधमाश्या आल्या. वारा आला. त्यांच्यामागून, मुलांनो, खरं सांगायचं तर एक गोगलगायही आली आणि एक कोवळा शेंडा खाऊन गेली. काही पानांवर अळ्या पडल्या; त्या सशीण रोज वेचून दूर नेऊन सोडी. आणि दार उघडंच असल्याने पिल्लंही बाहेर जात, अंग ओरबाडून घेऊन परत येत, आणि संध्याकाळी न भरवता जेवत.

उन्हाळा आला. ओढा आटला. त्यातले दगड तापून पांढरे पडले, पण त्यांच्याकडे कोणी फिरकलंही नाही. वेलाखाली तिन्ही पिल्लं एकेक काकडी घेऊन कराकरा खात होती, रस हनुवटीवरून छातीवर ओघळत होता. एक जाडजूड काकडी सशिणीने बियांसाठी वेलावरच पिकत ठेवली होती. एक साळूने न विचारताच नेली होती. सशीणही एक काकडी घेऊन सावलीत टेकली, आणि पहिला घास घेताना तिला समोरच्या पानावर एक नवंकोरं भोक दिसलं. तिने ठरवलं, या भोकाची काळजी करायची. नक्की करायची. पण ही काकडी संपल्यावर.

तात्पर्य : दार घट्ट लावलं की संकट बाहेर राहतं खरं, पण ज्याच्या येण्याने फळ धरायचं, तोही बाहेरच राहतो.